मेन बिल्डिंगच्या पुढच्या दारातून

पुणे विद्यापीठाची मेन बिल्डिंग मुळात पावसाळ्यापुरती बांधलेली आहे. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर हिवाळ्यात मुंबईत, उन्हाळ्यात महाबळेश्वरला आणि जून लागला की पुण्यात, असा वर्षाचा ठरलेला फेरा असायचा आणि त्या फेऱ्यातल्या तिसऱ्या मुक्कामासाठी, म्हणजे वर्षातल्या जेमतेम चार महिन्यांसाठी, गणेशखिंडीत हा एवढा दगडी पसारा उभा केला गेला. एका कुटुंबाच्या चार महिन्यांसाठी. मी त्या आवारात शिकत असताना रोज ह्या इमारतीवरून जायचे, पण ती कुणी, कशाला बांधली हे विचारायचं डोक्यात आलं नाही, कारण आमच्यासाठी ती कायम विद्यापीठाचीच होती. पुढे वाचायला लागले तेव्हा कळलं की ह्या इमारतीच्या आयुष्यातला पहिला अर्धा भाग असा आहे की त्यात आमच्यासारख्यांना पुढच्या दाराने आत यायची सोयच नव्हती, आणि तेव्हापासून तिच्याबद्दल लिहायचं मनात आहे.

आधी जागेबद्दल. खिंडीतल्या गणपतीवरून गणेशखिंड. त्या भागातला पार्वतीनंदन गणपती पुणेकरांना माहीतच असतो. आणि ह्याच माळावर, खडकीपासून गणेशखिंडीपर्यंत पसरलेल्या मोकळ्या रानात, ५ नोव्हेंबर १८१७ ला पेशव्यांची फौज आणि इंग्रजांची फौज समोरासमोर आली. पेशव्यांचे सेनापती बापू गोखले मैदानात होते, सरदार मोर दीक्षित तिथेच पडले, दुसरा बाजीराव पर्वतीवरून बघत होता. त्या लढाईनंतर काही दिवसांतच पुणं इंग्रजांच्या ताब्यात गेलं. म्हणजे ज्या माळावर राज्य गेलं त्याच माळावर पन्नासेक वर्षांनी जिंकणाऱ्यांच्या लाटसाहेबाचा बंगला आला. हे मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही, उंचावरची हवेशीर जागा, जवळ खडकीची छावणी, एवढी कारणं पुरेशी होती. पण तेव्हाच्या पुणेकराला त्या रस्त्याने जाताना काय वाटत असेल हा विचार मला येतोच.

त्याआधी गव्हर्नर पावसाळ्यात दापोडीला राहायचे. जॉन माल्कम ह्या आधीच्या गव्हर्नरच्या वेळचा बंगला होता तिथे, नदीकाठी, मोठी बाग होती. मग १८६३ मध्ये बोरघाटातली रेल्वे पूर्ण झाली, मुंबईहून पुण्याला येणं सोपं झालं, आणि गव्हर्नर बार्टल फ्रियर ह्याला दापोडीचा बंगला अपुरा वाटायला लागला. १८६४ मध्ये गणेशखिंडीत काम सुरू झालं. आर्किटेक्ट जेम्स ट्रबशॉ, मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी पाडायचं जे मोठं काम त्या काळात चाललं होतं त्यातलाच हा माणूस. इमारतीची धाटणी इटालियन, लांबच लांब कमानी, आणि एका बाजूला उंच मनोरा ज्याच्यावर साहेब मुक्कामाला असला की झेंडा चढायचा. इंग्लंडमध्ये आइल ऑफ वाइट बेटावर व्हिक्टोरिया राणीचं ऑस्बोर्न हाऊस आहे, तिच्या नवऱ्याने म्हणजे प्रिन्स अल्बर्टने लक्ष घालून बांधून घेतलेलं, त्याच्याशी ह्या घराचं नातं सांगितलं जातं आणि दोन्हींचे फोटो शेजारी ठेवून बघितले तर ते पटतं. फरक एवढाच की तिथला मनोरा समुद्राकडे बघतो आणि आपला चतुःशृंगीच्या डोंगराकडे.

आता पैशाची गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. वऱ्हाड, खानदेश, गुजरात, जिथून मिळेल तिथून कापूस मुंबईच्या बंदरात येत होता आणि मुंबईत पैशाचा पूर आला होता. शेअर कंपन्या, बँका, समुद्र हटवून जमीन काढायच्या योजना, सगळं एकाच वेळी. सरकारही त्या लाटेवर होतं आणि गव्हर्नरचं नवं घर त्या लाटेवरच मंजूर झालं. १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं आणि कापसाचा भाव कोसळला, मुंबईतले मोठमोठे सावकार दिवाळखोरीत गेले, बँक ऑफ बॉम्बे बुडाली. गणेशखिंडीतलं काम मात्र थांबलं नाही. खर्च पावणेदोन लाख पौंडांच्या आसपास गेला म्हणतात, त्यावरून थेट लंडनमध्ये पार्लमेंटपर्यंत टीका झाली. फ्रियर तोवर परत गेला होता, त्याच्यानंतरचा गव्हर्नर सेमूर फिट्झेराल्ड ह्याच्या काळात १८७१ मध्ये घर पूर्ण झालं.

ह्या तेजीतून मुंबईत दुसरी एक इमारत उभी राहिली ती म्हणजे राजाबाई टॉवर. प्रेमचंद रायचंद ह्यांनी मुंबई विद्यापीठाला लायब्ररी आणि टॉवरसाठी दोन-दोन लाख रुपये दिले होते, तेही १८६४ च्या सुमारासच. म्हणजे कापसाच्या एकाच पैशातून मुंबईत विद्यापीठाचा टॉवर झाला आणि पुण्यात गव्हर्नरचा. पुण्याचा टॉवर विद्यापीठाचा व्हायला आणखी ऐंशीएक वर्षं जायची होती.

पण कापूस पिकवणाऱ्याचं काय झालं? भाव चढले तेव्हा शेतकऱ्याला सहज कर्ज मिळायला लागलं, त्याने घेतलं, भाव पडल्यावर सावकाराने हात आखडता घेतला, वरून सरकारने शेतसारा वाढवला, आणि जमिनी कागदावर सावकारांच्या नावे व्हायला लागल्या. ह्याचा संबंध फक्त कापूस पिकवणाऱ्या तालुक्यांपुरता नव्हता, सगळ्या इलाख्यात पैसा आधी वाढला आणि मग आटला. १२ मे १८७५ ला आपल्याच पुणे जिल्ह्यात, सुप्याच्या बाजारात, शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं फोडून कर्जाच्या वह्या-कागद बाहेर काढले आणि जाळले, आणि ते लोण पुणे-नगरच्या गावागावांत पसरलं. ह्यालाच इतिहासात दख्खनचे दंगे म्हणतात. घर पूर्ण होऊन चारच वर्षं झाली होती. त्यानंतर लगेच १८७६-७८ चा दुष्काळ. मला ही दोन चित्रं एकमेकांपासून वेगळी ठेवताच येत नाहीत, गणेशखिंडीतला पावसाळी सीझन, रेस, नाच, मेजवान्या, आणि दोन दिवसांच्या वाटेवर सुप्याला कागद जाळणारी माणसं. पुढे बारामती, दौंड, श्रीगोंदा, पारनेर अशा तालुक्यांतून मुलं ह्याच इमारतीत ॲडमिशनचे कागद घेऊन आली, त्यातल्या कितीजणांचे खापर-खापर पणजोबा त्या दंग्यांत असतील कुणास ठाऊक.

आणि मग १८९७.

ह्या एका वर्षावर मी पुनःपुन्हा येते. पुण्यात प्लेग आला होता. वॉल्टर चार्ल्स रँड हा प्लेग कमिटीचा प्रमुख होता, गोऱ्या सोल्जरांना घेऊन घराघरांत झडत्या चालायच्या, देवघरापर्यंत बुटांनी जायचे, बायाबापड्यांना रस्त्यावर उभं करून तपासायचे, संशय आला की माणूस उचलून कॅम्पात नेऊन टाकायचे, सामान जाळायचे. शहर आतून धुमसत होतं. अशात २२ जूनला व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाली म्हणून गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये, म्हणजे ह्याच घरात, मोठा समारंभ झाला. लॉर्ड सँडहर्स्ट तेव्हा गव्हर्नर. रोषणाई, आतषबाजी, मेजवानी. ते आटोपून मध्यरात्रीनंतर पाहुण्यांच्या बग्ग्या गणेशखिंड रोडने परत निघाल्या आणि पिवळ्या बंगल्याजवळ दामोदर चापेकर रँडच्या बग्गीवर चढले. "गोंद्या आला रे" ही खुणेची हाक पुण्यात अजून सगळ्यांच्या तोंडी आहे. बाळकृष्ण चापेकरांनी मागच्या बग्गीतल्या लेफ्टनंट आयर्स्टवर गोळी झाडली, तो जागीच गेला, रँड ३ जुलैला गेला. पुढच्या दोन वर्षांत दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव ह्या तिन्ही भावांना फाशी झाली, त्यांचे साथीदार महादेव रानडेंना पण. टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला तो त्याच वर्षी, अठरा महिन्यांची शिक्षा झाली. आज ज्या रस्त्यावर आपण सिग्नलला थांबून मोबाइल बघतो, त्या रस्त्यावर हे सगळं घडलंय आणि सुरुवात ह्या इमारतीच्या पोर्चमधून निघालेल्या बग्ग्यांपासून झाली.

हे चापेकरांचं आपल्याला शाळेपासून माहीत असतं. पण त्याच वर्षी, ह्या समारंभाच्या साडेतीन महिने आधी, १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या. ज्योतिरावांना जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यांचा दत्तक मुलगा डॉ. यशवंत ह्याने शहराबाहेर माळरानावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना काढला होता, त्यात सावित्रीबाई स्वतः राबत होत्या, वय ६६. मुंढव्याच्या वस्तीतल्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून दवाखान्यात आणलं आणि त्यातच त्यांना लागण झाली. सरकारची प्लेगशी लढायची पद्धत आणि सावित्रीबाईंची पद्धत, दोन्ही एकाच शहरात, एकाच महिन्यात चाललेल्या. एकीकडे बूट आणि झडत्या, दुसरीकडे पाठीवर घेतलेलं पोर. मार्चमध्ये त्या गेल्या, जूनमध्ये गव्हर्नमेंट हाऊसवर फटाके उडाले. ऑगस्ट २०१४ मध्ये त्याच गव्हर्नमेंट हाऊसच्या नावाच्या पाटीवर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ असं लिहिलं गेलं.

नामांतर झालं तेव्हा बरेच जण म्हणत होते की नाव बदलून काय होणार, शिक्षणाचा दर्जा बघा. दर्जा बघायलाच पाहिजे, त्यात वादच नाही. पण मला विचाराल तर ह्या इमारतीला हे नाव देणं हा आपल्या शहराने केलेला फार मोठा न्याय आहे, आणि तो १८४८ च्या भिडे वाड्यातल्या शाळेपुरता नाही, १८९७ साठीसुद्धा आहे. ज्या वर्षी ह्या घरात राणीचा उत्सव झाला त्या वर्षी खरी सेवा करून मेलेली बाई आता ह्या घराची मालकीण आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये मेन बिल्डिंगच्या समोर त्यांचा पुतळा बसला. मी मुद्दाम बघायला गेले होते. चार-पाच मुली पुतळ्यासमोर सेल्फी काढत होत्या, लाल-निळ्या गाऊनमधला फोटो एकीला हवा होता आणि गाऊन एकच होता, तो आलटून पालटून घालत होत्या. मला खूप बरं वाटलं ते बघून.

पण मी पुढे गेले, मधला काळ राहिला.

गव्हर्नरचं घर विद्यापीठाकडे आलं ते सहज नाही. पुण्यात फर्ग्युसन, डेक्कन, एस. पी. सारखी कॉलेजं होती, पण परीक्षा नि डिग्र्या मुंबई विद्यापीठाच्या. महाराष्ट्रासाठी वेगळं विद्यापीठ हवं ही मागणी जुनी होती, १९४२ मध्ये बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली सरकारने त्यासाठी कमिटी नेमली. स्वातंत्र्यानंतर कायदा झाला, १० फेब्रुवारी १९४९ ला पुणे विद्यापीठ स्थापन झालं आणि जयकरच पहिले कुलगुरू झाले. सुरुवातीचं ऑफिस भांडारकर संस्थेच्या आवारातल्या निजाम गेस्ट हाऊसमध्ये होतं. जागा कुठे द्यायची हा प्रश्न होता, आणि तेव्हाचे मुंबई राज्याचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर, ज्यांच्याकडे शिक्षण खातंही होतं, त्यांनी गणेशखिंडीचं गव्हर्नमेंट हाऊस आणि भोवतालची ४११ एकर जमीन विद्यापीठाला द्यायचं पुढे रेटलं. १ जून १९४९ पासून विद्यापीठाचं ऑफिस इथे आलं.

ह्या निर्णयाकडे आपण फार सहज बघतो असं मला वाटतं. स्वातंत्र्य मिळून दोन वर्षंही झाली नव्हती. देशात गव्हर्नर होतेच, राजभवनं होतीच, हे घर आपल्या नव्या गव्हर्नरला ठेवून घेणं सगळ्यात सोपं होतं आणि कुणी नावंही ठेवली नसती. बहुतेक ठिकाणी तसंच झालं. इथे मात्र घर शिकणाऱ्यांना दिलं आणि गव्हर्नरसाठी शेजारीच गणेशखिंडीच्या जुन्या इस्टेटीतला छोटा भाग ठेवला, तेच पुढे पुण्याचं राजभवन झालं. गव्हर्नर हे विद्यापीठाचे कुलपती, म्हणजे कार्यक्रमाला त्यांनी ह्या पोर्चमध्ये यायचं ते आता पाहुणे म्हणून आणि परत शेजारी जायचं. खेरांबद्दल आपण फार कमी बोलतो. आवारात खेर वाङ्मय भवन आहे, त्यावर त्यांचं नाव रोज वाचलं जातं, पण ह्या एका कामासाठी तरी पुण्याने त्यांची आठवण जरा मोठ्याने काढायला हवी.

पहिल्या वर्षी १८ कॉलेजं आणि आठेक हजार विद्यार्थी. हद्द मात्र बारा जिल्ह्यांची. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, इकडे नाशिक, धुळे, जळगाव, सगळे पुणे विद्यापीठाचे. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ झालं, पुढे नव्वदच्या सुमारास जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं, आणि पुण्याकडे पुणे, नगर, नाशिक राहिले. ह्याचा अर्थ असा की महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांच्या लाखो लोकांच्या मार्कलिस्टवर ह्या विद्यापीठाचं नाव आहे आणि त्यातल्या बहुतेकांनी मेन बिल्डिंग कधी बघितलेलीच नाही.

आमचे अण्णा त्यातलेच. नाशिक जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत मास्तर होते, नोकरी करता करता बाहेरून बी.ए. केलं, रात्री कंदिलात, नंतर बल्बखाली. डिग्री पुणे विद्यापीठाची. भिंतीवर फ्रेम करून लावलेली असायची ती. पण त्यांनी विद्यापीठ पहिल्यांदा बघितलं ते माझ्या ॲडमिशनला आले तेव्हा. माझं काम मराठी विभागात होतं, ते झालं, आणि अण्णा म्हणाले आता मेन बिल्डिंग दाखव. आम्ही त्या झाडांच्या रस्त्याने चालत गेलो, वडाच्या पारंब्यांखालून, आणि समोर ती कमानींची लांब रांग आणि मनोरा. अण्णा शिक्षक माणूस, पाटी दिसली की वाचणार, त्यांनी दिसेल ती प्रत्येक पाटी मोठ्याने वाचली, मग व्हरांड्यात जाऊन एका खांबाला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "इथून आलंय माझं सर्टिफिकेट." एवढंच. कुणी त्यांना हटकलं नाही, कुणी काय काम आहे विचारलं नाही, एक शिपाईमामा आले, कुठल्या गावचे विचारलं, तेही तिकडचेच निघाले सटाण्याकडचे, मग दोघं त्याच व्हरांड्यात पावसापाण्याचं बोलत बसले. मी नंतर हा प्रसंग खूप वेळा आठवला. ज्या व्हरांड्यात एके काळी निमंत्रणाशिवाय पाय ठेवता येत नव्हता तिथे दोन म्हातारे तंबाखू मळत बसलेत.

इमारतीतल्या खोल्यांची कामं पण अशीच बदलली. जिथे नाच आणि मेजवान्या व्हायच्या त्या इमारतीत आज संत ज्ञानेश्वर सभागृह आहे. परिषदा, सत्कार, सिनेटच्या मीटिंगा, त्यात होणारी भांडणं, फीवाढीवरचे ठराव, सगळं तिथे. आणि बाहेर पोर्चसमोर आंदोलनं. मेन बिल्डिंगसमोर घोषणा देणं हा विद्यापीठातल्या मुलांचा जुना रिवाज आहे, मेसच्या जेवणापासून ते पीएच.डी.च्या फेलोशिपपर्यंत कुठलाही प्रश्न असो, ठिय्या तिथेच. मला त्यात काही वाईट दिसत नाही. उलट सत्तेचं घर म्हणून बांधलेल्या जागेसमोर उभं राहून जाब विचारता येणं हा ह्या इमारतीचा मला सगळ्यात चांगला उपयोग वाटतो.

इमारतीखाली एक भुयार आहे. काही वर्षांपूर्वी साफसफाईत ते मोकळं झालं तेव्हा पेपरात खूप आलं होतं, आणि भुयार म्हटलं की लोकांना खजिना नाहीतर थेट शनिवारवाड्याला जाणारा रस्ता आठवतो, तसं ह्याच्याबद्दलही बोललं गेलं. पण ते नोकरांसाठी होतं असं सांगतात, स्वयंपाकघराकडून जेवणाची ताटं आणायची, भांडी न्यायची, आणि हे सगळं पाहुण्यांच्या नजरेला न पडता. मला हे खजिन्यापेक्षा कितीतरी मोठं वाटतं. कारण ही इमारत चालवणारे शेकडो हात आपल्याच लोकांचे होते, खानसामे, मशालजी, भिस्ती, माळी, धोबी, मोतद्दार, आणि त्याआधी दगड घडवणारे वडार, पाथरवट, गवंडी, लोहार, सुतार. फ्रियरचं नाव आपल्याला माहीत, ट्रबशॉचं माहीत, फिट्झेराल्डचं माहीत. कमानीतला एकेक दगड ज्याने टाकीने घडवला त्यातल्या एकाचंही नाव इमारतीवर नाही. ते जमिनीखालून यायचे नि जमिनीखालून जायचे, आणि इतिहासातही तसेच गेले. मी जर ह्या इमारतीची टूर करायला कुणाला नेलं तर मनोऱ्यापासून सुरुवात करणार नाही, त्या भुयाराच्या तोंडापासून करीन.

आता थोडं दुरुस्तीबद्दल. दीडशे वर्षं झालेली चुन्यातली दगडी इमारत सांभाळणं सोपं नाही. मधल्या काळात सरकारी इमारतींना सगळीकडे जे होतं तेच होतं, कुठे पार्टिशन, कुठे लोंबकळणाऱ्या वायरी, कुठे गळतीवर सिमेंट. चुना श्वास घेतो, ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडून ठेवतं आणि दगड-लाकूड आतून खराब व्हायला लागतं, म्हणून जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा हा उपाय दिसायला चांगला आणि परिणामाला वाईट. मागच्या दशकात मेन बिल्डिंगची मोठी डागडुजी झाली आणि आता ती खरंच देखणी दिसते, दगड मोकळा झालाय, लाकूडकाम उजळलंय. ज्यांनी हे काम केलं त्यांचं कौतुकच. फक्त एक भीती वाटते. इमारत खूप सुंदर झाली की ती जपायच्या नादात माणसांना लांब ठेवायची सवय लागते, आधी एक साखळी येते, मग एक वॉचमन, मग पास. गव्हर्नमेंट हाऊस परत गव्हर्नमेंट हाऊस व्हायला फार काही लागत नाही. वारसा म्हणून जपायचं असेल तर १८७१ चं इटालियन घर तेवढंच जपून चालणार नाही, १९४९ नंतर त्यात शिरलेली गर्दीसुद्धा जपायला हवी, नाशिकहून एस.टी.ने आलेल्या अण्णांचा व्हरांडा जपायला हवा.

आवारात आता मेन बिल्डिंगपेक्षा नावाजलेल्या जागा आहेत. १९८८ मध्ये जयंत नारळीकरांनी उभी केलेली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था, चार्ल्स कोरियांनी बांधलेली, मधल्या कुंडात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन उभे-बसलेले. ती इमारत पहिल्या दिवसापासून ज्ञानासाठी बांधलीये आणि ते तिथे गेल्यावर जाणवतं. त्याच काळात सी-डॅक ही कॉम्प्युटर संशोधनाची सरकारी संस्था आली, परम हा सुपरकॉम्प्युटर ह्याच परिसरात बनला. बाहेर विद्यापीठ चौकात फ्लायओव्हर झाला, २०२० मध्ये मेट्रोसाठी पाडला, मग नवा दुमजली आला, ट्रॅफिकबद्दल पुणेकर बोलत असतातच. मेन बिल्डिंग ह्या सगळ्यात आता कुठल्याच अर्थाने केंद्रात नाही. तरी कुणी विद्यापीठाचा फोटो टाकला की मनोऱ्याचाच टाकतो, पदवी मिळाली की मुलं आईबापांना घेऊन तिथेच येतात. नऊवारीतल्या आज्या, फेटा बांधलेले आजोबा, कडेवर पोर घेऊन पदवीच्या गाऊनमध्ये उभ्या असलेल्या बायका बघितल्यात मी तिथे.

म्हणून एक गोष्ट व्हावी असं मला फार वाटतं. गव्हर्नरांच्या काळाचे नकाशे, चित्रं, कागद, फोटो लंडनपासून मुंबईच्या पुराभिलेखागारापर्यंत कुठे ना कुठे सांभाळलेले असतात, ते कधीही काढता येतील. पण १९४९ नंतरच्या ह्या घराचा इतिहास कागदावर कमी आणि माणसांच्या डोक्यात जास्त आहे. पहिल्या वर्षांत इथे टायपिंग करणारे क्लार्क, गव्हर्नरच्या वेळेपासून बागेत असलेल्या माळ्यांची मुलं-नातवंडं, पहिल्या बॅचेसच्या मुली, वसतिगृहात राहिलेली, घरातली पहिलीच शिकणारी खेड्यातली पोरं, शिपाई, ड्रायव्हर, मेसमधल्या मावश्या. ह्यांच्याकडे बसून, रेकॉर्डर लावून, कुठल्या खोलीत काय होतं, कुठल्या दाराने आत यायचे, पहिल्यांदा आलात तेव्हा काय वाटलं, हे विचारून घ्यायला पाहिजे. मराठी, इतिहास, मानवशास्त्र, एवढे विभाग आवारातच आहेत, एम.ए.च्या मुलांना प्रोजेक्ट म्हणून देता येईल, फार पैसेही लागणार नाहीत, आणि जमलेलं सगळं मेन बिल्डिंगमधल्याच एखाद्या खोलीत कुणालाही ऐकता येईल असं ठेवता येईल. १९४९ साली जे अठरा-वीस वर्षांचे होते ते आता नव्वदी कधीच ओलांडून गेलेत, त्यामुळे हे काम पुढच्या वर्षीवर टाकून चालणार नाही, ह्या पावसाळ्यातच सुरू करायला हवं.